मेडिकलपासून वॉचकीपिंगच्या दाखल्यापर्यंत: डेक रेटिंग होताना

जहाजाच्या डेकवर काम करायचं ठरवलं तेव्हा मला अगदी साध्या प्रश्नांची उत्तरं हवी होती. आधी कुठला कागद काढायचा? कशाला किती वेळ लागतो? पैसे कुणाला द्यायचे आणि कुणाला अजिबात द्यायचे नाहीत? पहिल्या महिन्यात जहाजावर नेमकं करायला काय लावतात? मिळत होतं ते एक तर जाहिरातीतलं चकचकीत चित्र, नाही तर ‘या लाइनीत येऊ नका’ असा एका ओळीचा सल्ला. गेल्या महिन्यात नेव्हिगेशनल वॉच रेटिंगचा दाखला माझ्या हातात आला. रेटिंग म्हणजे अधिकारी नसलेला खलाशी, आणि वॉच म्हणजे पाळीपाळीने करायचं टेहळणीचं आणि सुकाणूचं काम. तिथवर कशी पोचले ते सगळं आठवतंय तोवर क्रमाने लिहून ठेवते आहे.

कागदांची नावं, फी आणि अर्जाची पद्धत प्रत्येक देशाच्या सागरी प्रशासनागणिक बदलते. पण मुळाशी दोन आंतरराष्ट्रीय करार आहेत आणि ते जवळजवळ सगळीकडे लागू आहेत. एक एसटीसीडब्ल्यू, १९७८ चा, ज्यात १९९५ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये मनिला इथे मोठ्या दुरुस्त्या झाल्या. खलाशाला काय आलं पाहिजे हे तो सांगतो. दुसरा एमएलसी, २००६ चा. खलाशाला काय मिळालं पाहिजे हे तो सांगतो. कुठल्याही ऑफिसात कुणी काही बाही सांगायला लागलं की ‘हे कुठल्या नियमात आहे?’ एवढं शांतपणे विचारता यावं, म्हणून ही दोन नावं पक्की लक्षात ठेवा.

सुरुवात जानेवारीत, मेडिकलने. माझा पहिला आणि सगळ्यात कळकळीचा सल्ला हाच: कोर्सची फी भरायच्या आधी डोळे तपासून घ्या, आणि तेसुद्धा प्रशासनाने मान्यता दिलेल्या डॉक्टरकडेच. डेकवरच्या माणसाला टेहळणी करावी लागते, त्यामुळे लांबची नजर आणि रंगांची ओळख यात सूट नसते. आंतरराष्ट्रीय किमान निकष ठरलेला आहे, पण काही प्रशासनं आणि बऱ्याच कंपन्या त्याहून कडक निकष लावतात. मी गेले तेव्हा माझ्या आधी एक मुलगा आत होता. त्याने कोर्सची पूर्ण फी आधीच भरली होती आणि रंगांच्या तपासणीत तो अडकला. बाहेर आल्यावर तो बाकावर बसून फीच्या पावतीची घडी घालत आणि उलगडत राहिला. त्याला काय बोलावं ते मला सुचलं नाही.

रंगांची तपासणी म्हणजे इशिहाराचं पुस्तक. पानभर रंगीत ठिपके, त्यात लपलेला आकडा. एका पानावर ज्यांना रंग नीट दिसतात त्यांना ७४ दिसतो आणि लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्यांना २१. हे एवढं काटेकोर का, ते मला पुढे समुद्रावर रात्री कळलं. समोरच्या जहाजाचा लाल दिवा दिसला तर त्याची डावी बाजू आपल्याकडे आहे, हिरवा दिसला तर उजवी. त्या एका रंगावरून कोण कुणाला वाट देणार हे ठरतं.

मेडिकलचा दाखला जास्तीत जास्त दोन वर्षं चालतो, वय १८ च्या आत असेल तर एकच वर्ष. रंगदृष्टीचा दाखला सहा वर्षांपर्यंत चालतो. मिळाल्या मिळाल्या दाखल्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. पुढचा प्रत्येक कागद या नावावरून बनतो, आणि स्पेलिंगमधला एका अक्षराचा फरक पुढे महिनाभर खेटे घालायला लावू शकतो.

फेब्रुवारीत बेसिक सेफ्टी ट्रेनिंग. याचे चार भाग: समुद्रात जीव वाचवण्याची तंत्रं, आग टाळणं आणि विझवणं, प्राथमिक उपचार, आणि वैयक्तिक सुरक्षितता व सामाजिक जबाबदारी. शिवाय जहाजाच्या सुरक्षेचा एक छोटा कोर्स. आमच्या केंद्रात याला जोडूनच डेकचं पायाभूत प्रशिक्षण होतं: दोरकाम, सुकाणूचे हुकूम, कंपास, टेहळणी, नांगराची यंत्रणा. खर्चाचा अंदाज बांधताना नुसती कोर्सची फी धरू नका. मेडिकल, पासपोर्ट, सीडीसी म्हणजे खलाशाची नोंदवही, राहणं-जेवण, सेफ्टी शूज, बॉयलर सूट आणि शेवटी दाखल्यांच्या साक्षांकित प्रती हे सगळं त्यात येतं. केंद्राला मान्यता आहे का, हे केंद्राच्या भिंतीवरच्या फ्रेमवरून ठरवू नका, प्रशासनाच्या यादीत बघून घ्या. आणि मान्यता केंद्राला असून भागत नाही. तुम्ही करताय त्या कोर्सला आहे का, तेही पाहा.

तलावातला दिवस मला तपशीलवार सांगायचा आहे, कारण त्याची धास्ती मी आठवडाभर आधीपासून घेतली होती. मला पोहता येत होतं, पण उंचावरून उडी कधी मारली नव्हती. लाइफजॅकेट घालून उडी मारायची तर एका हाताने नाक-तोंड झाकायचं, दुसरा हात त्यावरून आडवा घेऊन जॅकेट खाली दाबून धरायचं, पाय जुळवायचे आणि नजर समोर. खाली बघायचं नाही. खाली बघितलं की शरीर पुढे झुकतं आणि माणूस तोंडावर आपटतो. खरं म्हणजे ‘उडी मारा’ असं प्रशिक्षक म्हणतच नव्हते. ‘एक पाऊल पुढे टाक’ म्हणत होते, आणि त्या शब्दांमुळेच माझ्याकडून ते झालं.

त्यानंतर उलटा पडलेला लाइफराफ्ट, म्हणजे जीव वाचवायचा फुगवलेला तराफा, सरळ करायचा. राफ्टच्या बुडाला पट्टा असतो, एका बाजूला गॅसचं नळकांडं. नळकांड्याच्या बाजूला चढून त्यावर पाय रोवायचे, पट्टा धरायचा आणि सगळं वजन मागे टाकायचं. नळकांड्याची बाजू वारा जिकडे वाहतोय तिकडे नसेल तर आधी राफ्ट फिरवून घ्यायचा, नाही तर वारा तुम्हाला उलटवू देत नाही. राफ्ट वर येतो, क्षणभर उभा राहतो आणि मग अख्खा तुमच्या अंगावर पडतो. मी त्याच्याखाली गेले. अंधार, रबराचा वास, नाकाला चिकटलेलं कापड. प्रशिक्षकांनी आधीच बजावून ठेवलं होतं की तोंड वर ठेवून पाठीवर सरकत बाहेर यायचं, म्हणजे राफ्टच्या तळाखाली श्वासाला थोडी फट मिळते. तसं केलं आणि बाहेर आले. राफ्टमध्ये शिरल्यावरची चार कामं आम्ही ओरडून पाठ केली होती: दोर कापा, सी-अँकर (राफ्ट वाहवत जाऊ नये म्हणून पाण्यात सोडायचा कापडी नांगर) सोडा, दारं बंद करा, राफ्ट सांभाळा. आजही ड्रिलच्या वेळी माझ्या तोंडात तोच क्रम येतो.

इमर्शन सूट, म्हणजे थंड पाण्यापासून वाचवणारा अंगभर सूट, दोन मिनिटांच्या आत, कुणाच्याही मदतीशिवाय अंगात चढवता आला पाहिजे. बुटक्या माणसांसाठी एक सूचना: पायाची जास्तीची लांबी पट्ट्यांनी आवळून घ्या आणि चेन लावण्याआधी गुडघ्यावर बसून आतली हवा पिळून काढा.

आगीच्या प्रशिक्षणात धुराच्या खोलीत जायचं होतं. पाठीवर हवेचं नळकांडं, तोंडावर मास्क, आणि समोर काही म्हणजे काही दिसत नाही. पाऊल उचलायचं नाही, घासत पुढे सरकवायचं. समोर हात फिरवायचा तो पंजाची मागची बाजू पुढे करून, कारण उघडी वायर हाताला लागली तर तळहाताची मूठ आवळली जाते आणि सुटत नाही. परतीची वाट पाण्याच्या होजवरून शोधायची. आत जाण्याआधी तीन गोष्टी तपासल्याशिवाय हलायचं नाही: नळकांड्यातला दाब, मास्क गळतोय का, आणि हवा कमी झाल्यावर वाजणारी शिटी. माझ्या जोडीदाराची शिटी आत असताना वाजली तेव्हा आम्ही दोघं लगेच मागे फिरलो. दोघांनी आत जायचं आणि दोघांनीच बाहेर यायचं, हा तिथला कायदा.

दोरकामाबद्दल एवढंच सांगते, बोलाइन, क्लोव्ह हिच, रोलिंग हिच, शीट बेंड आणि राउंड टर्न विथ टू हाफ हिचेस या गाठी हातमोजे घालून, डोळे मिटून आल्या पाहिजेत. दोनेक मीटर दोर कायम पिशवीत ठेवा. बसमध्ये, रांगेत, फोनवर बोलताना हात चालू ठेवा. परीक्षेत गाठ मारायला सांगतात. जहाजावर मात्र कुणी सांगत नाही, तुमच्या हातात दोराचं टोक येतं आणि तेवढ्यात काम व्हावं लागतं.

मार्चपासून वाट पाहणं सुरू झालं. सगळ्यात अवघड काळ हाच, आणि याबद्दल कुणी धड बोलत नाही. दाखले हातात आहेत, सीडीसी आहे, आणि तरी जहाज नाही. ‘पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सध्या जागा नाही’ हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की फोन लावायच्या आधीच उत्तर माहीत असायचं. घरचे विचारायचे बंद झाले, आणि त्याचं ओझं विचारण्यापेक्षा जास्त होतं.

याच काळात एका एजन्सीने मला ‘प्रक्रिया शुल्क’ म्हणून मोठी रक्कम मागितली. रोखीत, पावती नाही, आणि आठवड्यात जहाज मिळेल असा शब्द. इथे एमएलसी कामाला आला. नोकरी मिळवून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला त्यात सरळ बंदी आहे. मेडिकलचा दाखला, खलाशाची नोंदवही आणि पासपोर्ट यांचा खर्च तुमच्याकडून घेता येतो. व्हिसाचा खर्च मात्र जहाजमालकाचा. मी त्यांना नियम दाखवला तेव्हा समोरचा माणूस म्हणाला, “ताई, नियमाने चालायचं तर बसा वाट बघत.” मी वाट बघत बसले. ज्यांनी पैसे भरले अशा दोघांना मी ओळखते. एकाला जहाज मिळालंच नाही. दुसऱ्याला मिळालं, पण करारात लिहिलेल्यापेक्षा वेगळंच काम आणि कमी पगार. कर्ज काढून पहिली नोकरी विकत घेणाऱ्याला जहाजावर ‘हे सुरक्षित नाही’ म्हणायची हिंमत होत नाही. माझ्या मते या प्रथेचं सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे. एजन्सीकडे परवाना आहे का, हे प्रशासनाकडे तपासा, आणि पैसे मागितले तर तक्रार करा.

जुलैत एका परवानाधारक एजन्सीतून फोन आला. बल्क कॅरियर, म्हणजे कोळसा-धान्यासारखा सुटा माल नेणारं जहाज, आणि ऑर्डिनरी सीमनची, म्हणजे डेकवरच्या नवख्या खलाशाची जागा. कराराची प्रत मी सहीआधी मागून घेतली आणि दोन दिवस वाचली. तो वाचायला आणि कुणाचा सल्ला घ्यायला वेळ मिळणं हा आपला हक्क आहे. कराराची मुदत, पगार, जादा कामाचा दर, रजेचा पगार आणि घरी परत पाठवण्याची तरतूद या पाच गोष्टींखाली रेघ ओढून वाचा. जहाजावर बाईमाणूस म्हणून जाणाऱ्या मुलींसाठी: वेगळी केबिन आणि वेगळं स्वच्छतागृह ही मेहेरबानी नव्हे, एमएलसीच्या निकषांत ते आहे. मी ईमेलवर विचारलं, ईमेलवरच उत्तर घेतलं. त्याच ईमेलमध्ये बुटांचा आणि बॉयलर सूटचा मापही कळवला. सैल हातमोजा आणि मोठा बूट घेऊन विंचजवळ, म्हणजे दोर ओढणाऱ्या यंत्राजवळ, उभं राहणं धोक्याचं असतं.

ऑगस्टमध्ये जॉइन झाले. जहाज नांगरावर होतं, म्हणून लाँचमधून जायचं आणि पायलट लॅडरवरून चढायचं. खालून ती दोराची शिडी आणि वर पोलादाची भिंत बघितली आणि तोंडाला कोरड पडली. नियमाने अशा शिडीवर सलग चढण नऊ मीटरपेक्षा जास्त नसते. त्याहून उंच असेल तर जहाजाची तिरकी शिडी जोडावी लागते. लाँच लाटेवर सगळ्यात वर येते त्या क्षणी शिडी पकडायची आणि लगेच दोन-तीन पायऱ्या वर जायचं, म्हणजे लाँच पुन्हा वर आली तरी पाय चिरडत नाही. धरायचं ते बाजूच्या दोरांना, पायऱ्यांना नाही. पाठीवर सामान नको, ते वेगळं वर ओढून घेतात. वर पोचल्यावर जो हात पुढे आला तो बोसनचा, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाचा होता.

पहिले दोन दिवस ओळखीचे. इमर्जन्सीत जमायची जागा, आपली बोट कोणती, माझं नाव असलेलं कार्ड, सात छोटे आणि एक लांब भोंगा म्हणजे काय करायचं. प्रत्येक गोष्ट दाखवली जाते आणि मग एका कागदावर सही मागितली जाते. बोसन म्हणाले, “सही कर, पण जे मी दाखवलं नाही त्यावर करू नकोस. मला विचार.” मी एका ओळीवर बोट ठेवलं, आग विझवायच्या पाण्याचा इमर्जन्सी पंप. ते मला खाली घेऊन गेले, पंप दाखवला, सुरू कसा करायचा ते दाखवलं, आणि मग मी सही केली.

पुढे ट्रेनिंग रेकॉर्ड बुकच्या बाबतीत हेच उलट बाजूने चाललं. त्या पुस्तकात डेकवरच्या प्रत्येक कामापुढे अधिकाऱ्याच्या सहीची जागा असते. काही जहाजांवर करार संपताना एका बैठकीत सगळ्या सह्या उरकतात, असं मी ऐकलं होतं. आमचे चीफ ऑफिसर एकच शब्द बोलायचे: “दाखव.” दाखवलं की सही. नीट जमलं नाही तर पुस्तक बंद, ‘पुढच्या आठवड्यात ये.’ तेव्हा मला त्यांचा राग यायचा. आज ते पुस्तक उघडलं की एकेका सहीमागचं काम आठवतं, आणि मुलाखतीत कुणी काहीही विचारलं तरी भीती वाटत नाही. तुमचे अधिकारी सह्या पटापट देणारे असतील, तर दाखवायचा हट्ट तुम्हीच धरा.

समुद्र लागण्याबद्दल थोडक्यात: मला लागला. पहिल्या खवळलेल्या हवेत सगळं उलटून पडलं. क्षितिजाकडे बघत राहा, पोट रिकामं ठेवू नका, थोडं थोडं कोरडं खा, पाणी प्या आणि अधिकाऱ्याला सांगा. काम बंद होत नाही, पण तुम्हाला उंचावर चढवत नाहीत. काही दिवसांत शरीर सावरलं.

डेकचं दिवसाचं काम म्हणजे बहुतांशी गंजाशी झुंज. चिपिंग हॅमरने गंज उडवायचा, वायर ब्रशने घासायचा, गोड्या पाण्याने मीठ धुवायचं, सुकू द्यायचं, प्रायमर, मग रंगाचे थर. मीठ नीट धुतलं गेलं नाही तर रंगाखाली फोड येतात आणि महिन्याभरात तीच जागा पुन्हा ठोकावी लागते. बोसन रंगवलेल्या भागावरून नाही, तर रंगवण्याआधीच्या पत्र्यावरून बोट फिरवून काम तपासायचे. गॉगल आणि कानांचं संरक्षण यांत कधीही तडजोड करू नका. माल उतरल्यावर होल्ड, म्हणजे माल भरायची कोठी, धुणं हे वेगळंच प्रकरण. कोळसा उतरवून पुढे धान्य भरायचं असेल तर होल्डचा कोपरान् कोपरा, वरच्या फ्रेम्स, बिल्जच्या विहिरी (तळाशी पाणी साचायचे खड्डे), सगळं झाडून, खाऱ्या पाण्याच्या जोरदार झोताने आणि मग गोड्या पाण्याने धुवावं लागतं. सर्व्हेअरने पास केल्याशिवाय एक दाणाही भरला जात नाही. आणि बंद टाकीत किंवा बंद पडून राहिलेल्या होल्डमध्ये हवेची तपासणी आणि परवान्याचा कागद झाल्याशिवाय डोकंसुद्धा आत घालायचं नाही. साध्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. गंजसुद्धा तो खाऊन टाकतो आणि नाकाला त्याचा पत्ता लागत नाही. आत पडलेल्याला वाचवायला तसाच धावणारा माणूस दुसरा बळी ठरतो, हे मला वेगवेगळ्या अधिकाऱ्यांनी इतक्या वेळा सांगितलं की आता मी ते नव्यांना सांगते.

सप्टेंबरपासून मला ४ ते ८ च्या वॉचवर घेतलं आणि इथे मला या कामाची खरी गोडी लागली. पहाटेच्या वॉचला ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, दहा-पंधरा मिनिटं आधी जायचं, कारण डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. फोन बघत गेलात तर ती सवय मोडते. टेहळणी करणाऱ्याला दुसरं काम नसतं, असू नये. डोळ्यांत तेल घालून बघायचं, ऐकायचं, आणि जे दिसेल ते लगेच सांगायचं: दिशा, काय आहे, कुठे सरकतंय. “दोन पॉइंट स्टारबोर्डला पांढरा दिवा.” स्टारबोर्ड म्हणजे उजवी बाजू, एक पॉइंट म्हणजे सव्वाअकरा अंश. वर हिरवा आणि खाली पांढरा दिवा दिसला तर ट्रॉलर, म्हणजे जाळं ओढत नेणारी बोट, वर लाल आणि खाली पांढरा दिसला तर इतर प्रकारची मासेमारी. अधिकाऱ्याने रडारवर आधीच पाहिलं असेल म्हणून गप्प बसायचं नाही. एका पहाटे मी एक मिणमिणता दिवा सांगितला, रडारवर तो लाटांच्या गोंधळात हरवला होता. छोटी लाकडी होडी होती. चीफ ऑफिसरच्या वॉचला हे झालं आणि त्यांनी लगेच कोर्स बदलला. होडी बाजूने गेली तेव्हा तिच्यातला माणूस उभा राहून आमच्याकडे बघत होता.

सुकाणू धरायला शिकणं मात्र वेळखाऊ. हुकूम मिळाला की तो मोठ्याने परत म्हणायचा, चाक फिरवायचं, सुकाणूचा काटा तिथे पोचला की पुन्हा सांगायचं. ‘पोर्ट टेन.’ ‘पोर्ट टेन.’ ‘व्हील पोर्ट टेन, सर.’ म्हणजे सुकाणू डावीकडे दहा अंश. तीनदा तेच, कारण डावं-उजवं ऐकण्यात चूक झाली तर ती चाक फिरण्याआधी पकडली जावी. भरलेलं जहाज लगेच वळत नाही. चाक फिरवून वाट बघावी लागते, आणि एकदा वळायला लागलं की थांबतही नाही. म्हणून हवी ती दिशा येण्याच्या आधीच चाक मध्ये आणून थोडं उलट द्यावं लागतं. किती आधी, हे प्रत्येक जहाजाचं, प्रत्येक भाराचं वेगळं. नवखा माणूस जायरो कंपासच्या आकड्याचा पाठलाग करतो आणि जहाजाच्या मागे नागमोडी रेघ उमटते. एका अनुभवी एबीने, म्हणजे माझ्या वरच्या पायरीवरच्या खलाशाने, मला आकडा सोडून समोरचा मास्ट आणि त्यामागचा एखादा ढग किंवा तारा बघायला शिकवलं. नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, ढगाच्या तुलनेत सरकायला लागली की आकडा बदलायच्या आत हाताला कळतं. चाक कमी फिरवलं तर जहाज जास्त सरळ जातं, हे तेव्हा उमगलं. सुएझ कालव्यातून जाताना मी त्या एबीच्या शेजारी उभी राहून फक्त त्याचे हात बघितले. हुकमांच्या मधल्या वेळात ते जवळजवळ हलतच नव्हते.

मूरिंगला, म्हणजे जहाज दोरांनी धक्क्याला बांधताना, मी आजही दचकून असते आणि असावंच असं मला वाटतं. ताणलेला दोर तुटला तर दिसायच्या आत लागतो. कृत्रिम धाग्याचे काही दोर तुटण्याआधी आवाजही करत नाहीत. दोराच्या वेटोळ्यात पाय नको, ताणाच्या रेषेत उभं राहायचं नाही, आणि डेकवर रंगवलेल्या धोक्याच्या पट्ट्यांबाहेर आहोत म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. अख्खा मूरिंग डेकच धोक्याचा धरायचा.

विश्रांतीचे तास हा नवख्यांना न कळणारा विषय. कुठल्याही २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. ते १० तास दोनच तुकड्यांत विभागता येतात आणि त्यातला एक सलग सहा तासांचा हवा. याची नोंद दर महिन्याला होते आणि तुमच्या सहीनंतर तुम्हाला प्रत मिळते. बंदरात येण्या-जाण्याच्या दिवशी गणित बिघडतं, ते सगळ्यांना माहीत असतं. मी रोजचे खरे तास स्वतःच्या वहीत लिहायचे आणि महिनाअखेर ताडून बघायचे. एकदा फरक निघाला, चीफ ऑफिसरना दाखवला, त्यांनी नोंद दुरुस्त केली आणि दुसऱ्या दिवशी मला भरपाईची विश्रांती दिली. भांडावं लागलं नाही, कारण वहीत तारीख आणि वेळ होती.

एप्रिलमध्ये साइन ऑफ. उतरण्याच्या आठवडाभर आधीपासून कागद गोळा करा, शेवटच्या दिवशी सगळे घाईत असतात. सी सर्व्हिसच्या, म्हणजे समुद्रावरच्या नोकरीच्या पत्रात जहाजाचं नाव, आयएमओ नंबर, ग्रॉस टनेज, तुमचं पद आणि दोन्ही तारखा हव्यात. सगळ्यात महत्त्वाचं वाक्य: तुम्ही ब्रिजवर देखरेखीखाली वॉचकीपिंगची कामं केली. वॉच रेटिंगच्या दाखल्यासाठी नुसते समुद्रावरचे महिने पुरत नाहीत. नेहमीच्या मार्गाने किमान सहा महिन्यांचं प्रशिक्षण आणि अनुभव लागतो, आणि तो नेव्हिगेशनल वॉचशी संबंधित असावा लागतो. कुणी पूर्ण करार दिवसाच्या गंज-रंगाच्या कामावरच काढला असेल तर त्याचा अर्ज इथे अडतो. म्हणून जहाजावर दुसऱ्याच महिन्यात वॉचवर घेण्याची विनंती करा.

माझा अर्ज वेगळ्या कारणाने अडला. सीडीसीवरच्या शिक्क्याची तारीख आणि पत्रातली तारीख यांत एका दिवसाचा फरक होता, कारण मी रात्री उशिरा जहाजावर चढले होते आणि सही मध्यरात्रीनंतर झाली. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज परत केला. कंपनीकडून दुरुस्त पत्र यायला तीन आठवडे गेले. सगळ्या कागदांचे स्कॅन फोनमध्ये आणि ईमेलमध्ये होते म्हणून तेवढ्यावर निभावलं. जूनमध्ये दाखला आला. घरी आणून टेबलावर ठेवला, आईने चष्मा लावून पूर्ण वाचला आणि विचारलं, “म्हणजे आता तू रात्री जागून बघायचं, असं सरकारने लिहून दिलंय का?” तेच तर लिहिलं होतं.

पुढचा टप्पा एबी, म्हणजे एबल सीफेअरर डेक. वय १८ पूर्ण हवं, आणि वॉच रेटिंगची पात्रता मिळाल्यानंतर डेकवर १८ महिन्यांची सेवा, किंवा मान्यताप्राप्त प्रशिक्षण केलं असेल तर १२ महिन्यांची. ‘मिळाल्यानंतर’ हा शब्द बारकाईने वाचा. आधीचे महिने यात धरत नाहीत, त्यामुळे वॉच रेटिंगचा अर्ज टाकायला जितका उशीर, तितका एबी लांब. जीव वाचवण्याच्या आणि आग विझवण्याच्या प्रशिक्षणाची पात्रता दर पाच वर्षांनी पुन्हा सिद्ध करावी लागते, ती तारीख मी कॅलेंडरवर टाकली आहे. माझं मेडिकल येत्या जानेवारीत संपतंय. सफरीत असताना मुदत संपली तर पुढच्या बंदरात डॉक्टर मिळेपर्यंत, जास्तीत जास्त तीन महिने, ते चालवून घेता येतं. पण कंपन्या पूर्ण कराराएवढी मुदत शिल्लक असल्याशिवाय जॉइन करून घेत नाहीत. एजन्सी सप्टेंबरचं म्हणते आहे, म्हणून या गुरुवारची डॉक्टरांची वेळ घेतली आहे.